छत्री नेमकी कुणाची? ‘हॉवर्ड्स एंड’मधल्या प्रतीकांविषयी

प्रश्न असा आला आहे: एम.ए.ला ई. एम. फॉर्स्टरची ‘हॉवर्ड्स एंड’ (१९१०) नेमलेली आहे. गाइडमध्ये प्रतीकांचा तक्ता आहे. घर म्हणजे इंग्लंड, एल्मचं झाड म्हणजे परंपरा, मोटार म्हणजे यंत्रयुग, तलवार म्हणजे हिंसा. तक्ता पाठ झाला, पण कादंबरी वाचताना तो उपयोगी पडत नाही आणि ‘ओन्ली कनेक्ट’ (फक्त जोडा) या कादंबरीच्या ब्रीदवाक्याशी त्याचा सांधाही जुळत नाही. मग ही प्रतीकं वाचायची कशी?

तक्त्यात चूक काहीच नाही, आणि हीच त्याची अडचण आहे. घर म्हणजे इंग्लंड हे मान्यच. समीक्षक लायोनेल ट्रिलिंग यांनी १९४३ मध्येच म्हणून ठेवलं की इंग्लंडचा वारसा कुणाकडे जाणार, हा या कादंबरीचा प्रश्न आहे. पण एकदा बरोबरची खूण करून डावीकडे ‘घर’ आणि उजवीकडे ‘इंग्लंड’ लिहिलं, की वाचण्यासारखं काही उरत नाही. मी गेली अनेक वर्षं ही कादंबरी वर्गात घेते. माझा अनुभव असा की फॉर्स्टरच्या वस्तू एका जागी बसून अर्थ सांगत नाहीत. त्या फिरतात. कुणी चुकून उचलतं, कुणी परत मागतं, कुणी चुलीत घालतं, कुणी न विचारता भिंतीवर टांगतं. म्हणून वस्तू दिसली की तिचा अर्थ शोधू नका. ती कुणाच्या हातून कुणाकडे गेली आणि त्या व्यवहारात कुणाचं काय गेलं, ते बघा.

छत्रीपासून सुरुवात करू, कारण उत्तरपत्रिकेत तिच्यावर सहसा कुणी लिहीत नाही.

पाचवं प्रकरण. लंडनचा क्वीन्स हॉल, दोन शिलिंगांचं तिकीट, बेथोव्हेनची पाचवी सिंफनी. हेलन श्लेगेल मैफल अर्ध्यावर सोडून उठते आणि जाताना शेजारच्या अनोळखी तरुणाची छत्री आपली समजून घेऊन जाते. हा तरुण लेनर्ड बास्ट, पॉर्फिरियन नावाच्या विमा कंपनीतला कारकून. हेलनची थोरली बहीण मार्गारेट त्याला म्हणते, आमच्या घरी चला, छत्री देते. वाटेत ती चित्र आणि संगीत यांच्याविषयी भरभरून बोलते. लेनर्डला बोलायचं असतं, पण जमत नाही, कारण डोक्यात छत्री आहे. निवेदक म्हणतो, मोने आणि देब्युसीच्या मागे ती छत्री ड्रमच्या संथ ठोक्यासारखी वाजत राहिली.

इथे पान उलटून मागे जा. सभागृहात धाकटा भाऊ टिबी मांडीवर स्वरलिपी उघडून बसलाय आणि तिसऱ्या भागातून चौथ्या भागात नेणाऱ्या ड्रमच्या तुकड्याकडे लक्ष द्या, म्हणून सगळ्यांना विनवतोय. तोच ड्रम! टिबीसाठी तो रचनेतला एक सुंदर सांधा. लेनर्डसाठी नवी छत्री परवडणार नाही याची धडधड. फॉर्स्टर हे दोन ड्रम कुठेही शेजारी ठेवून दाखवत नाही, टीपही देत नाही. वाचणाऱ्याने जोडायचं. ब्रीदवाक्य मुखपृष्ठाच्या आत छापलंय ते उगाच नाही.

घरी पोचल्यावर हेलन छत्र्या उपसत बसते. शिवणी उसवलेली एक हाती लागते. शी, काय भयंकर छत्री, ही माझीच असणार, असं ती म्हणते. ती लेनर्डची असते. लेनर्ड छत्री घेतो आणि चहाला न थांबता निघून जातो. हा विनोदी प्रसंग आहे आणि वर्गात मुलं हसतातही, पण पुढे काय होतं ते मोजा. मार्गारेटने दिलेलं कार्ड लेनर्डकडे राहतं. ते जॅकीच्या, त्याच्या बायकोच्या, हाती लागतं आणि ती नवऱ्याला शोधत श्लेगेलांच्या दारात येते. त्यातून बहिणींना लेनर्डच्या आयुष्यात रस वाटू लागतो. त्या रसापोटी हेन्री विल्कॉक्स या श्रीमंत व्यापाऱ्याचा सल्ला घेतला जातो. हेन्री सहज बोलून जातो की पॉर्फिरियन बुडणार. लेनर्ड नोकरी सोडतो, कमी पगाराची दुसरी धरतो, तीही जाते, आणि पॉर्फिरियन मात्र शाबूत राहते. पुढे हेलनपासून लेनर्डचं मूल, आणि शेवटी त्याचा मृत्यू. कथालेखिका कॅथरीन मॅन्सफिल्डने १९१७ मध्ये आपल्या रोजनिशीत फॉर्स्टरची खोडी काढली आहे. हेलनला दिवस गेले ते लेनर्डपासून की त्या विसरलेल्या छत्रीपासून, हे आपल्याला कळत नाही. एकंदरीत छत्रीपासूनच असावेत! टोमणा जिव्हारी लागणारा आहे, कारण लेनर्ड आणि हेलन यांच्यातलं प्रेम कादंबरीत नीट उभंच राहत नाही. पण मॅन्सफिल्ड चेष्टेच्या ओघात खरं बोलून गेली: या कादंबरीत माणसांपेक्षा वस्तू जास्त जोडणी करतात.

आणि लेनर्डला स्वतःला प्रतीकांचं वावडं आहे, हे विसरू नका. तो एकदा रात्रभर लंडनबाहेरच्या रानातून चालत जातो आणि बहिणींना त्याची हकिकत सांगतो. दोघी भारावून ऐकतात. पहाट अप्रतिम असेल ना, असं विचारल्यावर तो सांगतो, नाही. नुसती करडी होती. माझ्या मते अख्ख्या पुस्तकातलं हे सगळ्यात प्रामाणिक वाक्य आहे. लेनर्ड रस्किन वाचून त्याच्यासारखं लिहू पाहतो तेव्हा खोटा वाटतो. ‘नाही’ म्हणतो तेव्हा खरा.

आता त्याच मैफलीतली भुतं. सिंफनीच्या तिसऱ्या भागात हेलनला गॉब्लिन दिसतात, विश्वाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शांतपणे चालत जाणारी. ती भांडत नाहीत, धमकावत नाहीत. जगात भव्यता किंवा शौर्य असं काही नाही, एवढंच त्यांच्या चालीतून कळतं. गाइडं इथे थांबतात आणि ‘गॉब्लिन म्हणजे दुष्टशक्ती’ असं लिहून मोकळी होतात. पण हेलनच्या मनात त्या क्षणी उमटणारे शब्द, ‘घबराट आणि पोकळी’, ती आधीच एकदा वापरून चुकली आहे. हेन्रीच्या धाकट्या मुलाशी, पॉल विल्कॉक्सशी, तिचं एका रात्रीचं प्रेम जमलं आणि सकाळी न्याहारीला त्याचा भेदरलेला चेहरा दिसला, तेव्हा तिला वाटलं होतं की हे सगळं कुटुंब म्हणजे वर्तमानपत्रं, मोटारी आणि गोल्फच्या काठ्या यांची एक भिंत आहे. ती पडली तर मागे घबराट आणि पोकळीच. म्हणजे बेथोव्हेनमध्ये तिने ऐकलं ते बेथोव्हेनचं कमी आणि न्याहारीच्या टेबलाचं जास्त. शेजारी मावशी मिसेस मंट गुपचूप ताल धरतायत, मार्गारेटला फक्त स्वर ऐकू येतात, जर्मन पाहुणीला बेथोव्हेन आपला आहे याचा अभिमान. वाद्यवृंद एक, पण ऐकू येतं ते ज्याचं त्याला. या कादंबरीत प्रतीक कसं चालतं याचा हा नमुनाधडा समजा. ते कुणासाठीच सारखं नसतं.

पैशाचं रूपकही इथेच घेते, कारण छत्रीची खरी किंमत त्याशिवाय कळत नाही. मार्गारेट मिसेस मंटना एकदा स्पष्ट सांगते: तुम्ही, मी, विल्कॉक्स, आपण सगळे पैशाच्या बेटांवर उभे आहोत, पायाखाली इतकं घट्ट की ते आहे हेच आपण विसरतो. ती आकडाही सांगते, वर्षाला ६०० पौंड, हेलनचे तेवढेच, टिबीला ८०० मिळतील. हे फॉर्स्टरला घरातून ठाऊक होतं. तो आठ वर्षांचा असताना, १८८७ मध्ये, त्याच्या आजीच्या बहिणीने, मॅरियन थॉर्नटन यांनी, त्याच्यासाठी ८,००० पौंड ठेवले. त्या पैशावर त्याचं केंब्रिज झालं, प्रवास झाले, लेखन झालं. कादंबरीत पुढे हेलन अपराधी भावनेने लेनर्डला ५,००० पौंड देऊ करते. तो नाकारतो. मग ती तो पैसा पुन्हा गुंतवते आणि दलालाच्या चांगल्या सल्ल्यामुळे आधीपेक्षा थोडी श्रीमंतच होते! हे एका वाक्यात येतं, कसलंही भाष्य नाही. छत्री उसवते, बेट उसवत नाही.

आता गवत. पहिल्याच पानावर हेलनचं पत्र आहे, हॉवर्ड्स एंड या विल्कॉक्सांच्या घरातून लिहिलेलं. त्यात मिसेस विल्कॉक्स, रूथ, ओल्या हिरवळीवरून लांब झगा फरफटत चालतायत, हातात आदल्या दिवशी कापलेलं गवत आहे आणि त्याचा त्या वास घेतायत. बाकीचे विल्कॉक्स शिंकतायत. फुलोऱ्यावर आलेल्या गवताने डोळे-नाक वाहणारा जो विकार इंग्रज ‘हे फीवर’ म्हणतात, तो त्या घरात सगळ्यांना आहे. नवरा हेन्री, मुलगा चार्ल्स, मुलगी ईव्ही. शेजारची म्हातारी मिस एव्हरी तर सांगते की जूनमधल्या शेतासमोर टिकेल असा एकही विल्कॉक्स नाही. म्हणजे समीकरण सोपं: मातीशी नातं असलेले वास घेतात, नसलेले शिंकतात. बरोबर?

अर्धंच बरोबर. त्या मुक्कामाला मार्गारेट का गेली नव्हती? टिबी आजारी होता. त्याला काय झालं होतं? हे फीवर. म्हणजे ऑक्सफर्डच्या वाटेवरचा, स्वरलिपी वाचणारा, श्लेगेलांचा लाडका टिबीही विल्कॉक्सांसारखाच शिंकतो. फॉर्स्टरने हे पहिल्या पत्रातच घातलंय, पण तक्त्यात टिबीला जागा नसल्यामुळे तो गळतो. मला वाटतं, फॉर्स्टर इथे आपल्याच वर्गाला चिमटा काढतोय. व्यापारी मातीपासून तुटतो तसा पुस्तकी माणूसही तुटतो, दोघांचं नाक एकच.

विच-एल्मबद्दल आधी एक गंमत. दरवर्षी एखादी तरी उत्तरपत्रिका ‘चेटकिणीचं झाड’ म्हणून येते. चेटकिणीशी त्याचा संबंध नाही. या ‘विच’चा उगम जुन्या इंग्रजीत आहे आणि अर्थ लवचीक, वाकणारा असा. पत्रातलं वर्णन बघा: झाड घरावर किंचित झुकलंय आणि बाग व कुरण यांच्या बरोबर सीमेवर उभं आहे. माणसाने राखलेलं आणि आपोआप वाढलेलं, या दोहोंमध्ये. ‘जोडणं’ या शब्दाला फॉर्स्टरने दिलेला आकार हाच. मोठा, वाकलेला, हद्दीवरचा.

त्या खोडात डुकराचे दात रुतवलेले आहेत. गावकऱ्यांची समजूत अशी की त्याची साल चावली की दातदुखी थांबते. रूथ हे मार्गारेटला लंडनमध्ये सांगते. रूथ गेल्यावर मार्गारेट विधुर हेन्रीला (पुढे ती त्याच्याशी लग्न करते) विचारते, झाडात दात आहेत ना? तो म्हणतो, भलतंच काय, मुळीच नाहीत. पुढे दोघं तिथे जातात आणि दात असतात, पांढरी टोकं सालीतून डोकावतायत. हेन्री चकित होऊन विचारतो, तुला कुणी सांगितलं? मार्गारेट म्हणते, एका हिवाळ्यात लंडनमध्ये ऐकलं होतं. रूथचं नाव ती घेत नाही.

हा संवाद पुन्हा पुन्हा वाचा. घराचा मालक, त्या बाईचा इतक्या वर्षांचा नवरा, स्वतःच्या अंगणातलं झाड त्याने कधी जवळून पाहिलं नाही. बायकोने त्याला सांगितलं नसेल, किंवा सांगितलेलं त्याच्या कानावरून गेलं असेल. आणि घर कधीही न पाहिलेल्या मार्गारेटला ते ठाऊक. रूथने मरताना पेन्सिलीने चिठ्ठी लिहून घर मार्गारेटला दिलेलं असतं, विल्कॉक्स मंडळी ती आगीत टाकतात. पण वारसा त्याआधीच पोचला होता, दातांच्या गोष्टीच्या रूपात. कागद जाळता येतो, सांगितलेली गोष्ट नाही. ‘एल्म म्हणजे परंपरा’ या तीन शब्दांत हा नवरा-बायकोचा संसार मावतो का, तुम्हीच ठरवा.

मोटारीवर वेळ घालवायची गरज नाही. तिच्यात फॉर्स्टर थोडा ढोबळ होतो. दोन जागा लक्षात ठेवा. एक, चार्ल्सच्या गाडीने उडवलेली धूळ: काही खिडक्यांतून आत जाते, काही गुलाबांवर बसते आणि काही गावकऱ्यांच्या फुप्फुसात. चार्ल्सचा त्यावर उपाय म्हणजे रस्त्यावर डांबर टाकायला हवं. दुसरी, ईव्हीच्या लग्नाला श्रॉपशरला जाताना गाडीखाली एका मुलीची मांजर येते, पुरुष म्हणतात गाडी थांबवायची नाही, आणि मार्गारेट चालत्या गाडीतून उडी मारते. शिवाय गॅरेज कुठे बांधलंय? एल्मपासून जवळच, जिथे पूर्वी रूथच्या तट्टाची जागा होती.

तलवारीचं मात्र उलटं आहे, ती वाटते त्यापेक्षा गुंतागुंतीची. ती विल्कॉक्सांची नाही. ती श्लेगेलांच्या वडिलांची, जर्मनीसाठी लढलेल्या आणि पुढे जर्मन साम्राज्यवादाला कंटाळून देश सोडलेल्या अर्न्स्ट श्लेगेलची. श्लेगेलांचं लंडनचं घर भाडेपट्टा संपल्यावर पाडलं जातं, सामान हॉवर्ड्स एंडला ठेवायला येतं, आणि मिस एव्हरी कुणाला न विचारता ते उलगडून लावते. पुस्तकं कपाटात, तलवार म्यानातून काढून त्यांच्यामध्ये भिंतीवर. लेनर्ड माफी मागायला येतो तेव्हा चार्ल्स तीच उचलतो आणि पात्याच्या सपाट बाजूने मारतो. लेनर्ड आधारासाठी कपाट धरतो, पुस्तकं त्याच्या अंगावर कोसळतात, आणि त्याचं आधीच दुबळं हृदय थांबतं. चार्ल्सला सदोष मनुष्यवधासाठी तीन वर्षांची शिक्षा होते. पण हत्यार कुणाचं? श्लेगेलांचं. आणि लेनर्ड आयुष्यभर ज्यांच्या मागे धावला ती पुस्तकं कुणाची? तीही श्लेगेलांची. विल्कॉक्सचा हात, श्लेगेलांची वस्तू. अपराध दोन्ही घरांत वाटला गेलाय, आणि हे कुणी बोलून दाखवत नाही.

आता ‘ओन्ली कनेक्ट’. मराठीत आपण पटकन ‘माणसं जोडा’ म्हणतो, आणि आपल्याकडे ‘माणसं जोडणारा’ ही मोठी शाबासकी असल्यामुळे तो अर्थ गोड लागतो. पण बाविसाव्या प्रकरणात मार्गारेटच्या मनात हे शब्द येतात तेव्हा विषय हेन्रीच्या आतला आहे. त्याच्यात व्यवहार एका खोलीत आणि वासना दुसऱ्या खोलीत राहते, मध्ये दार नाही. तिला त्या दोहोंमध्ये इंद्रधनुष्याचा पूल बांधायचा आहे. म्हणून ‘जोडणं’पेक्षा मला ‘सांधणं’ बरं वाटतं. त्यात आधी तुटलंय याची कबुली आहे. अडतिसाव्या प्रकरणात तो पूल साफ कोसळतो. हेन्रीने एके काळी जॅकीला ठेवलं होतं, हे मार्गारेटने पोटात घातलं. तोच हेन्री गरोदर हेलनला एक रात्रही घरात राहू द्यायला तयार नाही. तेव्हा मार्गारेट ओरडते की जीव गेला तरी चालेल, पण हा संबंध तुला दिसलाच पाहिजे! बाविसाव्यात प्रार्थना होती, इथे तोच शब्द आरोप होतो. उत्तरात ही दोन्ही प्रकरणं समोरासमोर ठेवलीत तर निम्मं काम झालं.

(जाता जाता: हाच फॉर्स्टर पुढे आपल्या अगदी जवळ येऊन गेला. १९२१ मध्ये तो देवास थोरली पाती संस्थानात तुकोजीराव पवार महाराजांचा खासगी चिटणीस होता, आणि मराठा दरबारातली गोकुळाष्टमी त्याने आत बसून पाहिली.)

घराबद्दल शेवटी बोलते. हॉवर्ड्स एंड बेतलंय ते हर्टफर्डशरमधल्या स्टीव्हनेजजवळच्या रूक्सनेस्ट या घरावर. फॉर्स्टर तिथे आईबरोबर चार ते चौदा वर्षांचा होईपर्यंत राहिला, आणि मग ते सोडावं लागलं. भाड्याचंच होतं. कादंबरीच्या शेवटी क्षितिजावर लंडनचा लाल गंज सरकत येताना दिसतो. १९४६ मध्ये युद्धोत्तर ‘न्यू टाउन’ योजनेत पहिली निवड झाली ती स्टीव्हनेजचीच. तेव्हा फॉर्स्टर सदुसष्ट वर्षांचा होता. बेघरांना घरं हवीत हे त्याला पटत होतं आणि आपलं लहानपणचं शेत जाणार हे सोसत नव्हतं. मार्गारेट आणि हेन्रीचं भांडण त्याच्या स्वतःच्या आत चालू राहिलं, असं मी म्हणेन.

शेवटच्या, चव्वेचाळिसाव्या प्रकरणात गवताची कापणी चालू आहे. हेन्री घरात बसलाय, बाहेर येववत नाही. हेलनचं मूल गवतात खेळतंय. लेनर्डचे आजी-आजोबा शेतमजूर होते, म्हणजे शहराने गिळलेल्या घराण्याचा पणतू पुन्हा शेतात आला आणि घर पुढे त्याला मिळणार. चित्र इतकं नेटकं जुळतं की मला त्याचा संशय येतो. बहुतेक टीकाकार इथे समेट वाचतात. मी त्याच प्रकरणातल्या बहिणींच्या एका बोलण्याकडे बोट दाखवते. हेलन म्हणते, मी लेनर्डला विसरत चाललेय. मार्गारेट म्हणते, विसर. हेलन विचारते, पण त्याला आयुष्यात मिळालं काय? एखादं साहस मिळालं असेल, मार्गारेट म्हणते. तेवढं पुरे आहे का? मार्गारेटचं उत्तर असं आहे: आपल्याला नाही. पण त्याला, हो.

सहाशे पौंडांच्या बेटावरून दिलेलं हे उत्तर आहे, आणि देणारी बाई तीच, जिने एका दुपारी क्वीन्स हॉलमधून त्याला छत्री परत द्यायला घरी नेलं होतं.